पीसीचा आवाज कमी करायचाय? आधी फॅन कर्व्ह बघा

पीसीचा आवाज खरं तर त्रास कधी देतो माहितीये का, तो मोठा असतो तेव्हा नाही, तो सारखा वरखाली होतो तेव्हा. एका लयीत चाललेला फॅन थोड्या वेळानं ऐकूही येत नाही, पण ब्राउजरमध्ये एखादं जड पेज उघडलं की फॅन घुंऽऽ करून चढणार, दोन सेकंदात उतरणार, परत चढणार, याने डोकं उठतं.

हे होतं कारण आजकालचे प्रोसेसर छोट्याशा कामालाही बूस्ट होतात, म्हणजे क्षणभर वेग वाढवतात, आणि चिपचं टेंपरेचर क्षणात १५-२० डिग्री उडी मारतं, पण कूलरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, तेवढ्यात गरम झालेलाच नसतो, मग त्या क्षणी फॅन पळवून काहीच हाती लागत नाही. म्हणून बायोसमधल्या (पीसी सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) फॅन कंट्रोलमध्ये स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग, म्हणजे फॅनने वेग बदलायला किती वेळ घ्यायचा, असं काही दिसलं तर ते आधी वाढवा. कुठे ते ०.१ सेकंदावर असतं, ४-५ सेकंद करून बघा. एवढ्या एकाच सेटिंगने जो फरक पडतो ना, त्यासाठी लोक उगाच नवीन फॅन घेत बसतात.

मग फॅन कर्व्ह, म्हणजे कुठल्या टेंपरेचरला फॅन किती जोरात फिरणार हे ठरवणारी लाइन. साधारण ६० डिग्रीपर्यंत लाइन जवळपास सपाट ठेवायची, नंतर हळूहळू चढवायची आणि ८५ च्या आसपास पूर्ण १०० टक्के. स्पीड अर्धा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते, त्यामुळे टेंपरेचर बऱ्याचदा थोडंसंच वाढतं. मला हा सौदा कायम फायद्याचाच वाटतो. याच कारणाने एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन-तीन फॅन आरामात फिरवलेले बरे.

अजून एक, फॅनची वायर बघून घ्या. ४ पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम मोड, म्हणजे १२ व्होल्ट कायम आणि स्पीड सिग्नलने ठरतो. ३ पिनचा असेल तर डीसी मोड, तिथे व्होल्टेजच कमी-जास्त होतं. ३ पिनचा फॅन पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर तो फुल स्पीडनेच पळतो आणि कर्व्ह कितीही हलवा, ढिम्म फरक पडत नाही!

केस फॅनना, म्हणजे पीसीच्या डब्याला लावलेल्या फॅनना, प्रोसेसरच्या टेंपरेचरवर नाचवू नका. गेम खेळताना केसमध्ये खरी उष्णता ग्राफिक्स कार्ड ओततं, आणि बहुतेक बायोसना त्याचं टेंपरेचर दिसतच नाही. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यात केस फॅन जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या चिपला, जोडता येतो, किंवा प्रोसेसर आणि जीपीयू या दोन्हीपैकी ज्याचा कर्व्ह जास्त मागतोय तो घे असंही सांगता येतं, मला ही सोय प्रचंड आवडते. लिनक्सवाल्यांनी एलएम-सेन्सर्स टाकून पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवायचं, ते एकेक फॅन थांबवून कुठला फॅन कुठल्या कंट्रोलवर आहे ते शोधून देतं.

एवढं करूनही बारीक गुणगुण राहिली तर फॅन स्पीडचा स्लायडर अगदी हळू सरकवत कान देऊन ऐका. बऱ्याच केसमध्ये एखाद्या ठराविक स्पीडला, समजा ९०० आरपीएमच्या आसपास, पत्रा फॅनसोबत थरथरायला लागतो आणि ८०० किंवा १००० ला एकदम गप्प. तो पट्टा कर्व्हमधून पटकन ओलांडायचा, तिथे फॅन रेंगाळू द्यायचा नाही. साइड पॅनलवर हात दाबून धरला आणि आवाज थांबला तर समजा हेच कारण.

शेवटी अर्धा तास एखादा जड गेम किंवा रेंडर लावून टेंपरेचर बघाच. आणि लिक्विड कूलर असेल तर हे सगळं फक्त रेडिएटरच्या फॅनना करा, पंपाला त्याच्या कंपनीने सांगितलेल्या स्पीडवरच राहू द्या.