दिवसा काय करता?

रविवार, सकाळचे साडेअकरा

काल रात्री कार्यक्रम रंगात असताना एक गृहस्थ कन्सोलपाशी आले आणि म्हणाले, "हे झालं रात्रीचं. दिवसा काय करता?" मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि म्हणालो, "हेच." त्यांना ते काही पटलं नाही. "नाही, म्हणजे नोकरी वगैरे?" तोवर गाणं संपायला अर्धं मिनिट उरलं होतं, म्हणून नुसता हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. आत्ता चहा घेताना पुन्हा आठवला, म्हणून हे लिहितोय.

लोकांना आपण दिसतो ते चार-पाच तास. मोबाइल डीजे म्हणजे मोबाइलवर गाणी लावणारा, असाही एक समज आहे आणि तो मी आता खोडून काढत नाही. खरं तर आम्ही सामान घेऊन ठिकठिकाणी जाणारे डीजे, आणि आमच्या धंद्यात टेम्पो दोन. एक भरायचा, दुसरा, म्हणजे गाण्याच्या चालीचा, सांभाळायचा. आणि पहिल्यात जास्त वेळ जातो.

काल दुपारी दीडला भाचा आला. गाडी भरण्याची एक रीत आहे. दोन्ही बेस, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, सगळ्यात आधी, पार आत, केबिनला टेकवून. मग टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, स्टँड, लाईटच्या पेट्या, आणि वायरची पेटी सगळ्यात शेवटी, कारण तिथे पोहोचल्यावर पहिली तीच लागते. भाच्याला हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्याने वायरची पेटी बेसच्या मागे कोंबली आणि आम्हाला अर्धी गाडी रस्त्यावर उतरवावी लागली. काल मात्र त्याने न सांगता पेटी शेवटी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

साडेचारला सगळं जोडून स्पीकर सुरू केले आणि घरघर. गाणं बंद, माईक बंद, तरी बेसमधून संथ घूंऽऽ. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. 50 हर्ट्झ, म्हणजे विजेचाच सूर, आणि त्याला वरून 100 ची किनार.

"मामा, वायर गेलीय," भाचा म्हणाला. वायर बदलली, तसंच. मिक्सरचा चॅनेल बदलला, तसंच. मग लॅपटॉपचा चार्जर बोर्डातून उपटला आणि एकदम शांतता. चार्जर लावला की घूंऽऽ, काढला की गप्प. म्हणजे दुखणं कळलं. स्टेजवरचा बोर्ड एका लाईनवर होता आणि स्पीकरचा बोर्ड हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या लाईनवर. दोन्हीकडच्या अर्थिंगची पातळी तंतोतंत सारखी नसते. मधली आवाजाची वायर त्या दोन अर्थना जोडते, तिच्या जाळीतून बारीकसा करंट वाहायला लागतो, आणि अँप बिचारा इमानदारीने तोही मोठा करून ऐकवतो.

हॉलचा वायरमन शेजारी उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "एवढं काय त्यात? चार्जरची अर्थची पिन काढून टाका." पिन काढली की घरघर जाते हे खरंच आहे, आणि कित्येक जण तेच करतात. पण कधी आतला फेज पत्र्याला लागला, तर तो करंट जमिनीत जायच्या ऐवजी ज्याचा हात लागेल त्याच्यातून जाणार. काल तो हात माईक धरलेल्या एखाद्या आजींचा असता. मी नाही म्हटलं. त्याने खांदे उडवले. मग आम्ही स्पीकरच्या बोर्डावरून जाड एक्स्टेंशन ओढत स्टेजपर्यंत आणलं, आवाजाचं सगळं सामान त्या एकाच लाईनवर घेतलं, लाईट मुद्दाम दुसऱ्या लाईनवर ठेवले, आणि लॅपटॉपच्या वाटेत आवाज जाऊ देणारी पण त्या करंटची वाट तोडणारी ट्रान्सफॉर्मरवाली डबी टाकली. एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडलं, उरलेली वायर भिंतीच्या कडेने पसरून दिली. रिळावर गुंडाळलेल्या वायरवर भार टाकला की ती आतल्या आत तापत राहते आणि एखाद्या दिवशी वितळते. भाच्याने दोनदा हात लावून बघितलं. गार होती.

पाऊण तास गेला यात. पाहुण्यांना यातलं काही कळणार नव्हतं, कळायची गरजही नव्हती. त्या गृहस्थांनी विचारलेलं 'दिवसा' म्हणजे हे.

कार्यक्रम होता लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा. नातवंडांनी यादी पाठवली होती, चाळीस गाणी, सगळी धावणारी, मिनिटाला 125 ठोक्यांच्या वरची. मला खरा आवडतो तो पहिला तास. लोक येत असतात, फ्लोअर रिकामा असतो, कोणी आपल्याकडे बघत नाही. नवीन पोरं या तासाला घाबरतात. रिकामा फ्लोअर दिसला की हुकमाचं पान टाकतात, आणि मग नऊ वाजता हातात काही उरत नाही. मी या तासात 90 ते 100 च्या चालीची, कधीच फर्माईश न येणारी गाणी लावतो आणि टेबलांखाली बघत बसतो. चेहऱ्यांवरून काही कळत नाही, चेहरे बोलण्यात गुंतलेले असतात. टाचा खोटं बोलत नाहीत. डावीकडच्या टेबलाखाली एक टाच हलायला लागली, मग समोर दोन. पुढचं गाणं त्याच घराण्यातलं, चार ठोके वरचं. असं करत करत दीड तासात 120 ला पोहोचायचं, पण चढ कोणाला जाणवता कामा नये.

आणि मग निर्णय भराभर घ्यावे लागतात. 128 च्या चालीत 32 ठोके म्हणजे बरोबर 15 सेकंद. तेवढ्यात फ्लोअरकडे बघायचं, पुढचं गाणं ठरवायचं, त्याचा पहिला ठोका कानात जुळवायचा, आणि त्याच वेळी कोणीतरी डोळ्यांसमोर फोनचा स्क्रीन धरून "हे लावा ना" म्हणत असतं. काल एकाने जे गाणं चालू होतं तेच मागितलं. लगेच लावतो म्हटलं. दोन मिनिटांनी येऊन आभार मानून गेला.

साडेनऊच्या सुमारास एक बाई आल्या, सत्तरीच्या असतील. "बाळा, आवाज जरा कमी होईल का? आमच्या टेबलावर बोलताच येत नाहीये." एकेकाळी मला याचा राग यायचा. काल उतरून त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, तर उजवा टॉप थेट त्यांच्या कानावर रोखलेला. चूक माझीच होती. टॉप फ्लोअरकडे वळवला आणि वरून 3 डेसिबल उतरवले. 3 डेसिबल म्हणजे अँपची निम्मी ताकद, पण नाचणाऱ्यांना जेमतेम कळतं. कोणीही तक्रार केली नाही.

खरं तर माझ्याही कानांना ते हवंच होतं. आवाजासमोर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशेब मी कन्सोलच्या झाकणावर आतून चिकटवलाय: 85 डेसिबल असेल तर 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला पोहोचेस्तोवर दिवसाचा कोटा फक्त 15 मिनिटांचा उरतो. मी इअरप्लग वापरतो, पण सुरुवातीची सात-आठ वर्षं नाही वापरले. तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

शेवटचं गाणं त्या जोडप्यासाठी होतं. यादीत नातवंडांनी त्यांच्यासाठी एक झगमगीत गाणं टाकलेलं. पण आजोबा काठी टेकत फ्लोअरवर येताना दिसले आणि मी त्या 15 सेकंदांत ते बदललं. 70 ची चाल, नुसती वाद्यं, शब्द नाहीत. आजोबांनी काठी नातवाकडे दिली. ते नाचले असं म्हणता येणार नाही. दोघं एकमेकांच्या कोपराला धरून जागच्या जागी डुलत होते, चालीशी जरासुद्धा न जुळता. नात माझ्याकडे रागाने बघत होती, नंतर तिने बघायचं सोडलं.

बारा वाजता आवराआवर. भाच्याने वायरी गुंडाळल्या, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते, पीळ पडत नाही. दोन वायरींत चुकला, मी त्या मुकाट्याने सोडून पुन्हा गुंडाळल्या. गाडी भरून निघेपर्यंत दीड. परतताना गाडीत कधीच गाणं लावत नाही. भाचा खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

आठवड्याच्या मधल्या दिवसांचं लिहायचं तर फार काही नाही. नवी गाणी विकत घ्यायची, ऐकायची, नावं नीट लावायची, प्रत्येकाची चाल तपासायची. 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर पाच हजारांवर गाणी मावतात, रात्रीत वाजतात ऐंशी-नव्वद. तीच पेनड्राइव्ह दोन प्रतींत, एक कन्सोलला, एक खिशात. पैशांसाठी फोन करायचे. एका माणसाने तीन महिने उचललेला नाही.

काल अडीचला घरी येऊन पडलो आणि अंधारात ऐकू आलं, घूंऽऽ. उठून बसलो. दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबले, तर आवाज गेला. म्हणजे फ्रिज होता, बरं वाटलं. हात काढायच्या आत मात्र त्या शांततेत दुसरं काहीतरी ऐकू आलं, खूप बारीक, उंच, शिट्टीसारखं, उजवीकडे जास्त. हात काढले. फ्रिज पुन्हा सुरू.

आज चारला गाडी भरायची आहे. भाच्याला तीनला बोलावलंय. इअरप्लगची नवी जोडी घ्यायला हवी, त्याच्यासाठीही एक.