हळकुंडाचं गाव ओळखताना: आमची वाटचाल

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायकोने प्रयोगशाळा थाटली, तेव्हा काम एकच होतं, हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमीन मोजायचं. अडते मूठभर हळकुंडं आणून द्यायचे, संध्याकाळी टक्केवारी घेऊन जायचे.

मग एका औषध उत्पादकाने विचारलं, "ही वायगावचीच आहे का?" वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागात पिकलेल्या हळदीला लावायचं, भावही चढा. कर्क्युमीन सहा टक्क्यांवर निघालं आणि आम्ही 'वायगावशी जुळते' असं लिहून दिलं. दोन महिन्यांनी कळलं, बेणं वायगावचं होतं, पीक मात्र दुसऱ्याच जिल्ह्यातलं. तपासणीचे पैसे आम्ही परत केले. हिला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

कर्क्युमीन जातीवर, काढणीवर, शिजवण्यावर, साठवणीवर कमी-जास्त होतं. गाव ओळखायचं तर मुळांनी जमिनीतून काय ओढलं ते बघावं लागतं. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर खडकागणिक बदलतं. आपल्या काळ्या बेसाल्टच्या मातीत ते कमी असतं, दक्षिणेतल्या जुन्या ग्रॅनाइटी जमिनींत बहुधा जास्त. त्यामुळे तमिळनाडूतल्या इरोडची हळद सांगलीच्या नावाने विकली जात असेल, तर संशय घ्यायला जागा मिळते. ही मोजणी आम्ही मोठ्या संस्थेकडून करून घेतो, तसलं यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचं आहे.

खरी कसोटी वायगाव आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद वेगळी ओळखण्याची. दोन्हीकडे काळी मातीच, तिथे एकटं स्ट्रॉन्शियम पुरत नाही. मँगनीज, बेरियम, रुबिडियम अशी मूलद्रव्यं आणि हळदीच्या तेलातल्या टर्मेरोन या वासाच्या घटकाचं प्रमाण एकत्र मांडावं लागतं, तेही त्याच हंगामातल्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून. म्हणून काढणीच्या दिवसांत आम्ही स्वतः शेतावर जातो, न शिजवलेले कंद घेतो आणि त्याच सरीतली माती. पहिल्या वर्षी एक आजोबा म्हणाले, "माती कशाला नेता? हळद न्या की." आता आम्ही पोचायच्या आत त्यांची पिशवी भरलेली असते, वर चिठ्ठी: विहिरीकडची सरी.

अहवालात 'जुळत नाही' हे आम्ही ठामपणे लिहितो. 'जुळते' लिहायच्या आधी मात्र कपाटातल्या त्या पिशव्या पुन्हा एकदा काढतो.