गोटहार्डचा घाट, विमानातून

बाबांनी ३१ वर्षं एसटी चालवली. आधी कराड डेपो, कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूण. मग सातारा डेपो आणि पसरणीचा घाट. मे महिन्यात ते माझ्याकडं स्वित्झर्लंडमध्ये बाडेनला आले तेव्हा मी विचारलं, "बाबा, आल्प्सचा घाट विमानातून ओलांडायचा का?"

"चालवणार कोण?"

"मी."

"मग जाऊ की."

बाडेनच्या शेजारी बिर्फेल्ड नावाचा छोटा विमानतळ आहे. मी तिथंच उडायला शिकले. क्लबचं सेस्ना १७२ आहे, चार जणांचं, १६० अश्वशक्तीचं. परवाना हातात आला म्हणून डोंगरात जाता येत नाही. त्यासाठी मी प्रशिक्षकाला शेजारी बसवून चार वेळा गोटहार्डची खिंड केली होती. एकटीच्या जबाबदारीवर ही पहिलीच वेळ, आणि शेजारी बाबा.

नकाशावर सगळं सोपं वाटतं. बिर्फेल्डहून दक्षिणेला निघायचं, लूत्सर्नच्या सरोवराला वळसा घालायचा, रॉइस नदीच्या खोऱ्यातून वर चढायचं, २,१०६ मीटरची खिंड ओलांडायची आणि पलीकडं इटालियन बोलणाऱ्या मुलखात लोकार्नोला उतरायचं. डोंगर तर डोळ्यांना दिसतात. आकाशात आखलेल्या भिंती दिसत नाहीत, त्या पाठ कराव्या लागतात. बिर्फेल्ड हे झ्युरिकच्या मोठ्या विमानांच्या आकाशाखाली येतं. ते आकाश सी वर्गाचं, परवानगीशिवाय त्यात शिरायचं नाही. त्याचा तळ उलट्या जिन्यासारखा आहे. झ्युरिकपाशी खाली, आणि दक्षिणेला जावं तसा पायरीपायरीनं वर. त्याच्याखाली ई वर्ग. तिथं परवानगी लागत नाही, पण दृश्यमानता किमान ५ किलोमीटर हवी, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं १,००० फूट लांब राहायचं, आणि बाकीच्यांना आपल्याच डोळ्यांनी शोधायचं. ग्लायडरवाल्यांकडं ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपली जागा कळवणारं यंत्र, असेलच असं नाही. म्हणून २००४ साली याच देशात फ्लार्म नावाचं यंत्र निघालं, जवळ आलेल्या विमानाची सूचना देणारं. आमच्या सेस्नात ते आहे आणि त्याचा मला मोठा आधार वाटतो.

वाटेत एमेन आणि आल्पनाख हे लष्करी तळ लागतात. शनिवारी ते बहुतेक वेळा शांत असतात. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर विमान उडवायचं नसतं. डॅब्स नावाचं पत्रक रोज निघतं. आज कुठलं आकाश किती ते किती बंद, कुठं तोफांचा सराव, ते त्यात नकाशासकट असतं. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "डेपोत फळ्यावर लिहायचे तसं आहे. दरड पडली, घाट बंद."

खरी अडचण आकाशातल्या या भिंती आणि डोंगर एकत्र येतात तिथं होते. वर झ्युरिकचं छप्पर, त्यामुळं सुरुवातीला चढता येत नाही. आणि छप्पर संपेपर्यंत समोर डोंगर आलेले असतात. आमचं विमान ८,००० फुटांवर मिनिटाला जेमतेम ३००-४०० फूट चढतं. म्हणजे उंची कुठं कमवायची हे जमिनीवरच ठरवावं लागतं. मी ती ऊर्नर सरोवरावर, म्हणजे लूत्सर्न सरोवराच्याच दक्षिणेकडच्या फाट्यावर, गोल फिरत कमवते. खोऱ्यात शिरल्यावर कमवू असं म्हणायचं नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी बिर्फेल्डवरून बर्फाची शिखरं हात लावावा इतकी जवळ दिसत होती. इथं हवा इतकी स्वच्छ झाली की मी आधी हवेचा दाब बघते. आल्प्सच्या दक्षिणेला लुगानोला १०१८ हेक्टोपास्कल, उत्तरेला झ्युरिकला १०१५. दक्षिणेचा दाब चढला की हवा आल्प्सवरून उत्तरेला लोटते, त्या वाऱ्याला फ्यॉन म्हणतात. ओली हवा दक्षिणेच्या उतारावर पाऊस पाडून मोकळी होते आणि उत्तरेला कोरडी, गरम होऊन खाली कोसळते. बाबांना हे समजावावं लागलं नाही. महाबळेश्वरला धो-धो आणि फलटणला धूळ, हे त्यांनी ३१ पावसाळे बघितलंय. इथले वैमानिक ४ हेक्टोपास्कलचा फरक ही धोक्याची रेघ मानतात. आमचा फरक ३ होता. हवामानाच्या गाफोर पत्रकात गोटहार्डच्या मार्गापुढं 'डी' होता, म्हणजे अवघड पण बंद नाही. निघालो.

रिगी डाव्या हाताला गेला तोवर विमान लोण्यावरून चालल्यासारखं होतं. अल्टडोर्फ ओलांडलं आणि पहिला धक्का बसला. मग दुसरा. माझ्या मांडीला बांधलेली पाटी उडाली, बाबांनी ती झेलली. एर्स्टफेल्डवर चढण्याची सुई शून्याच्या खाली गेली. इंजिन पूर्ण ताकदीनं ओढतंय आणि विमान मिनिटाला २०० फूट खाली जातंय. वरून उतरणाऱ्या हवेशी १६० अश्वशक्तीनं भांडून उपयोग नसतो.

"पोरी, ती भिंत बघ," बाबा हेडफोनमध्ये म्हणाले.

खोऱ्याच्या टोकाला, खिंडीच्या बरोबर वर, पांढराशुभ्र ढग आडवा बसला होता. कापसाची भिंत. तिच्या अलीकडं निळं आकाश, पलीकडं काहीच नाही. फ्यॉनची भिंत ती हीच.

डोंगरात मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे खोऱ्याच्या मधून उडायचं नाही. उजव्या कडेनं जायचं. समोरून येणाऱ्याला वाट राहते आणि डावीकडं वळायला पूर्ण खोरं मोकळं मिळतं. ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६५ किलोमीटर वेगानं ३० अंश कललं तर उलट फिरायला साधारण पाऊण किलोमीटर रुंदी लागते. एर्स्टफेल्डवर ती आहे. पुढं आमश्टेगला खोरं आवळत जातं. मी डावीकडं वळले. शिखरं खिडकीतून सरकली, सरोवर समोर आलं, आणि वारा पाठीशी घेऊन आम्ही परत निघालो.

बाबा बराच वेळ गप्प होते. बिर्फेल्डला उतरल्यावर म्हणाले, "वळायला जागा होती तिथंच वळलीस. बेस." प्रशिक्षकाच्या सहीपेक्षा मला ते जास्त वाटलं.

मधल्या आठवड्यात मी त्यांना होर्हे चावेझची गोष्ट सांगितली. पेरू देशाचा हा तरुण आल्प्स विमानातून ओलांडणारा पहिला माणूस. खराब हवेमुळं त्यालाही अडकून राहावं लागलं होतं. २३ सप्टेंबर १९१० रोजी तो ब्रिगजवळून निघाला आणि सिंप्लॉनची खिंड ओलांडून दोमोदोस्सोलाला पोचलासुद्धा. पण अगदी उतरताना विमान कोसळलं आणि चार दिवसांनी तो गेला. लिमाच्या विमानतळाला आज त्याचं नाव आहे. बाबांनी त्याचं वय विचारलं. २३, मी म्हटलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या शनिवारी दोन्हीकडं दाब सारखा होता, १०२०. वारा नाही. लष्कराचं आकाश मोकळं, तोफा बंद. मी फ्लाइट प्लॅन दिला. देशातल्या देशात जाताना तशी सक्ती नसते, पण डोंगरात आपण वेळेवर पोचलो नाही तर शोधायला कुणीतरी निघावं, यासाठी मी तो देतेच. सकाळी आठला हवेत. दुपारी खोऱ्यातला वारा उठतो, त्याच्या आत पलीकडं पोचायचं.

ऊर्नर सरोवरावर तीन फेऱ्या मारून ९,५०० फूट गाठले. दक्षिणपूर्वेला जाताना विषम हजार अधिक पाचशे फूट, हा डोळ्यांनी बघत उडण्याचा नियम. शिवाय १०,००० च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं तर प्राणवायू लागतो आणि बाबा ६६ वर्षांचे आहेत.

वासेनचं पांढरं चर्च खाली आलं. रेल्वे इथं डोंगराच्या पोटात गोल गोल फिरत उंची कमावते, त्यामुळं गाडीतून हे एकच चर्च तीनदा दिसतं. वरून रुळांच्या त्या तिन्ही पातळ्या एकाच नजरेत आल्या. बाबा काचेला नाक लावून एकेक रूळ बोटानं मोजत होते. "ही आपल्यासारखीच फिरून चढते," ते म्हणाले. मग ग्योशेनेनचं बोगद्याचं तोंड, मग काळी चिंचोळी घळ, आणि एकदम उघडलेलं अंडरमाटचं सपाट खोरं. इथं पुन्हा वळायला जागा आहे. इथं मी स्वतःला एकदा शेवटचं विचारते: खिंडीपलीकडची जमीन दिसतेय का? डोंगराच्या धारेमागं अजून जमीन उलगडत असेल तर आपण उंच आहोत, झाकली जात असेल तर कमी. उलगडत होती.

खिंड मी सरळ नाही, तिरकी, ४५ अंशात ओलांडली. तशी ओलांडली की गरज पडल्यास अर्ध्याच वळणात उतार गाठता येतो. खाली गोठलेली तळी आणि अजून बंद असलेला रस्ता. बर्फ कापून यंत्रं अर्ध्यापर्यंत आली होती, काळी रेघ मध्येच थांबलेली.

आणि पलीकडं सगळं हिरवं! ऐरोलो, लेवेंतीनाचं खोरं, चेस्टनटची रानं, दगडी छपरं. इंजिन एकदम गार पडू नये म्हणून ताकद थोडी ठेवून मिनिटाला ५०० फुटांनी उतरत गेले. बाबांना कानासाठी बडीशेप आणि खडीसाखर दिली होती, ते चघळत होते. माझे डोळे मात्र सतत खोऱ्यात होते, कारण इथं दरीतून दरीत तारा टांगलेल्या असतात आणि त्या जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. बेलिंझोनाच्या अलीकडं लोकार्नो टॉवरला हाक मारली. तिथलं आकाश डी वर्गाचं, परवानगी मिळाल्यावरच आत. ती लगेच मिळाली. माजोरे सरोवर चमकलं, धावपट्टी समोर आली, चाकं टेकली.

इंजिन बंद केल्यावर बाबा उतरले, पुढं गेले आणि इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले. डेपोत गाडी लावली की बॉनेटवर असाच हात ठेवायचे, मला लहानपणापासून आठवतंय.

"गरम आहे अजून," ते म्हणाले. "परत कधी?"

"उद्या सकाळी. आता दुपारी वारा उठेल."

"आणि दाब?"

"संध्याकाळी बघू. तीनच्या वर असला तर रेल्वेनं जायचं."

"बरं," ते म्हणाले, आणि चाकांपुढं लाकडी ठोकळे लावायला वाकले.