गालाच्या आतली गाठ

फेब्रुवारीत एका रात्री चूळ भरताना उजव्या गालाच्या आतल्या बाजूला जिभेला काहीतरी लागले. बेसिनवरच्या आरशासमोर गाल बोटाने ताणून, मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले, तेव्हा मसुराच्या दाण्याएवढी, गुळगुळीत, गालाच्याच गुलाबी रंगाची गाठ दिसली. ती दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, या आपल्याकडच्या सर्वमान्य तर्कावर मी जवळजवळ महिना काढला. मधल्या काळात मेडिकलमधून तोंड आल्यावर लावायचे जेल आणले, सासूबाईंच्या सांगण्यावरून तुरटीच्या गुळण्या केल्या. गाठ होती तेवढीच राहिली.

तो तर्कच मुळात उलटा आहे, हे नौपाड्यातील आमच्या दंतवैद्य बाईंकडे गेल्यावर कळले. तोंड येते किंवा हिरडीला गळू होते तेव्हा माणूस कळवळतो, मात्र तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे दुखते का, यापेक्षा किती दिवस झाले, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ, जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दाखवलाच पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

गाठीपेक्षा अधिक वेळ त्यांनी माझी दाढ पाहिली. जुन्या चांदीचा एक कोपरा तुटून तेथे धारदार कड तयार झाली होती, आणि दात मिटतात त्याच रेषेवर गाल रोज घासला जात होता. अशा सततच्या घर्षणाने तेथील तंतुमय ऊती वाढते आणि तिची गाठ होते. तिला फायब्रोमा म्हणतात. कड तशीच ठेवून नुसती गाठ काढली तर ती पुन्हा येऊ शकते, म्हणून त्यांनी आधी दाढ घासून गुळगुळीत केली. नंतर जागा बधिर करून गाठ काढली, दोन टाके घातले आणि तुकडा तपासणीला पाठवला. दिसायला निरुपद्रवी असलेल्या गाठीचाही तुकडा तपासायचाच, असा त्यांचा नियम आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो, कारण नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. अहवालात फायब्रोमाच निघाला.

टाके काढायच्या दिवशी मी त्यांना बरेच प्रश्न विचारले. खालच्या ओठाच्या आत येणारा निळसर, पाणीदार फुगा बहुधा ओठ चावल्यामुळे येतो. लहान लाळग्रंथीची नलिका फुटून लाळ आतल्या आत साचते, तो फुगा फुटतो आणि पुन्हा भरतो. हिरडीवर पुनःपुन्हा येणाऱ्या पुळीमागे पुष्कळदा किडलेल्या दाताच्या मुळाशी साचलेला पू असतो, म्हणून पुळी फोडून उपयोग नसतो, दातावरच उपचार करावा लागतो. गरोदरपणात हिरडीवर पटकन रक्त येणारी लाल गाठ येऊ शकते, तर रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनने किंवा फिट्सवरच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्याच वाढतात. मात्र म्हणून गोळी परस्पर बंद करायची नसते. टाळूच्या मध्यभागी लागणारा दगडासारखा उंचवटा बहुधा हाडाचाच असतो आणि त्याला काही करावे लागत नाही. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर असलेला बारीक उंचवटा तर लाळेच्या नलिकेचे तोंड असते. त्या महिन्यात टॉर्चच्या उजेडात मी त्यालाही गाठच समजले होते!

पुढच्या खेपेला सासऱ्यांना बरोबर नेले. जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तंबाखूला हात लावत नाही, याचा त्यांना अभिमान. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारी आजही घरोघरी पानाच्या डब्यात सन्मानाने नांदते.

सासऱ्यांच्या तोंडात गाठ मुळीच नव्हती. बाईंनी त्यांना स्वतःचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तेव्हा दोनच कशीबशी गेली. गेली दोन वर्षे ते आमटी तिखट झाल्याची तक्रार करत होते आणि आम्ही मिरची कमी करत होतो. गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठ झाली होती आणि बोटाला आत दोरीसारखे पट्टे लागत होते. सुपारी थांबवली तरी हा ताठरपणा पूर्णपणे जात नाही, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका राहतो, म्हणून माझी फाइल बंद झाली आणि त्यांची उघडली. आता दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला न्यावे लागते. अडकित्ता सासूबाईंनी कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि जेवण झाले की सासरे बडीशेपेची वाटी थोड्या रागानेच पुढे ओढतात.