तुम्ही विचारलंत म्हणून: चाळीतला शेजार आठवतो का?

ऑफिसात, लग्नकार्यात, परवा तर बँकेच्या रांगेतही तेच विचारलं, "टॉवरमध्ये गेलात, पण बीडीडीतला शेजार आठवत असेल ना?" ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत वरळीला, जुन्या बीडीडी चाळींच्या जागी बांधलेल्या टॉवरमधल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आमची एक. तेव्हापासून हे चालू आहे. विचारणाऱ्याला उघडी दारं, वाटीभर साखर, गणपती एवढंच ऐकायचं असतं. मी मान हलवते आणि रात्री स्वतःवरच चिडते.

तर ऐका. नवऱ्याचं घर सोडून, दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन मी चाळीत परत आले ती दुपार. पॅसेजमध्ये बायका तांदूळ निवडत होत्या. माझ्या हातातली बॅग बघून बोलणं थांबलं. आईने मला आत घेऊन दार लोटलं, आणि आमच्याकडे भर दिवसा दार लावलं की घरात काहीतरी घडलंय हे मजल्याला कळायचंच. संध्याकाळी समोरच्या काकू वरणभात घेऊन आल्या. पाठीवरून हात फिरवला. आईलाही न सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगून बसले. तो मारायचा, तेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे संडासाच्या रांगेत खालच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "थोडं सोसायचं गं. पदरात मूल आहे." तिला कुणी सांगितलं हे विचारायची गरजच नव्हती. पुढे सहा जणी होत्या, एकीनेही वळून पाहिलं नाही. मी हातात डबा धरून तशीच उभी राहिले. परत फिरले असते तर तेही सगळ्यांना दिसलं असतं. त्याच दिवशी ठरवलं, घर घेईन तर आत संडास असलेलं, आणि शेजाऱ्याचं तोंड पाहणार नाही.

पण मला नोकरी लागल्यावर त्याच काकूंनी माझी मुलगी अकरा वर्षं सांभाळली. एक पैसा घेतला नाही. शाळेतून ती आधी त्यांच्या ताटावर बसायची. तेव्हाच्या मला हे सांगितलं तर ती म्हणेल, म्हणून काय झालं? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. काकूंचं आणि माझं त्यावर कधी बोलणंच झालं नाही.

१६० चौरस फुटांतून ५०० मध्ये आले याचा मला आनंद आहे, आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायला मी तयार नाही. ज्यांनी ती रांग कधी लावली नाही त्यांनी मला चाळीची माया सांगू नये.

काकूंना घर वेगळ्या मजल्यावर मिळालं. गुडघे गेलेत. मागच्या आठवड्यात फोन आला, "मला त्या लिफ्टची बटणं कळत नाहीत, तूच ये." गेले. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मधे चप्पल अडकवून ठेवली होती. तासभर बसले. निघताना चप्पल होती तशीच सरकवून ठेवली. घरी आले आणि आतून कडी लावली.