भिंतीवरची डबी

आमच्या लॅबमध्ये नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात, वास घरी ठेवून यायचा. डिओ नाही, अत्तर नाही, नेलपेंट नाही, गजरा तर नाहीच. हात धुवायचा साबणही बिनवासाचा. दसऱ्याला मायक्रोस्कोपला झेंडूचं फूल वाहतो ते दाराबाहेरूनच, आणि उदबत्ती खाली रिसेप्शनच्या देवापाशी. नवी पोरं हसतात. मीही हसले होते, चौदा वर्षांपूर्वी.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात त्यातला ट्यूबचा भाग माझा. फक्त ट्यूब कुठेच नसते, चपटी डिश असते. तिच्यात मीडियाचे, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या द्रवाचे, टिकलीएवढे थेंब, त्यावर तेलाचा थर, आणि एकेका थेंबात एकेक गर्भ. इन्क्युबेटर 37 अंशांवर, कार्बन डायऑक्साइड 6 टक्के, ऑक्सिजन 5. आईच्या पोटात असता तर तिचं लिव्हर, तिची फुप्फुसं, तिची कातडी मध्ये आली असती. इथे मध्ये काहीच नाही. हवेत उडणारं रसायन तेलात उतरतं, तेलातून थेंबात. लोकांना वाटतं हेपा फिल्टर लावला की झालं. हेपा धूळ अडवतो, जंतू अडवतो; वास म्हणजे वायू, तो आरपार जातो. त्यासाठी कार्बन लागतो आणि पोटॅशियम परमँगनेटचे दाणे. हे दाणे नवे असताना गडद जांभळे असतात, मेले की तपकिरी होतात. हवेच्या बाबतीत उघड्या डोळ्यांना दिसणारी खूण एवढीच.

सोमवार होता, पाचवा दिवस. बुधवारी ज्यांचं पिकअप झालं होतं, म्हणजे अंडी बाहेर काढली होती, त्यांच्या डिशेस सकाळी साडेसातला काढल्या. एक पेशंट सिन्नरकडची, चौतीस वर्षांची, स्वतःचं ब्यूटी पार्लर. तिला इथे वर्षा म्हणते, नाव बदललंय. अकरा अंडी, आठ पिकलेली, सात फलित. शनिवारी त्यातले सहा छान आठ पेशींवर होते, इतके रेखीव की मी ज्युनियरला मुद्दाम बोलावून दाखवले होते. सोमवारी सहाच्या सहा होते तिथेच. आठ पेशी, फार तर दहा, कडा काळवंडलेल्या. एकही ब्लास्टोसिस्ट नाही, म्हणजे पाचव्या दिवशी जिथवर वाढायला हवा तिथवर पोचलेला गर्भ एकही नाही.

एखाद्या पेशंटचं असं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ अंड्याच्या शिदोरीवर जगतो, मग त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि तिथे पुष्कळ अडखळतात. पण त्या आठवड्यातल्या दुसऱ्या दोघींचेही मागे पडलेले होते. निम्म्याच्या आसपास ब्लास्टोसिस्ट व्हावेत अशी आमची लॅब; 40 टक्क्यांच्या खाली गेलं की मला जेवण जात नाही.

मग शोधाशोध. तापमानाची नोंदवही ठीक. पीएच ठीक. मीडियाचा लॉट जुनाच. तेलाचा लॉट मात्र त्याच बुधवारी नवा फोडलेला. लगेच स्पर्म सर्व्हायव्हल टेस्ट लावली: एकाच नमुन्याचे थेंब, काही जुन्या तेलाखाली, काही नव्या, आणि चोवीस तासांनी कुठे किती पोहतायत ते मोजायचं. मंगळवारी दोन्हीकडे सारखेच पोहत होते. पण शुक्रजंतू दणकट. ते पास झाले म्हणून गर्भ पास होईलच असं नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि ऑडिटच्या कागदावर कुणी लिहीत नाही.

मंगळवारी दुपारी पॅसेजमध्ये शूज कव्हर घालत होते, तर फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्याडम, ते भिंतीवरचं यंत्र लागल्यापासून माझं डोकं उठतंय बघा."

वर बघितलं. चेंजिंग रूमच्या दाराशेजारी पांढरी डबी. मी बघत असतानाच ती फुस्स झाली. लॅव्हेंडर. पेशंट अभिप्रायात लिहितात की "हॉस्पिटलसारखा वास येतो", म्हणून ॲडमिनने मजल्यावर चार डब्या बसवल्या होत्या. हॉस्पिटलला हॉस्पिटलसारखा वास आला यात तक्रार कसली, मला कळत नाही. कधी लावली विचारलं तर म्हणाल्या, गेल्या मंगळवारी. सुपरवायझरला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याने मास्क लावायला सांगितला. मला कुणी विचारलं नाही. आणि मी आठवडाभर त्याच दारातून एन नाइन्टीफाइव्ह लावून ये-जा करत होते, मलाही कळलं नाही.

मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, मॅडम, लॅबला पॉझिटिव्ह प्रेशर आहे, हवा बाहेर ढकलली जाते, बाहेरचा वास आत येणार कसा? बरोबर आहे. फक्त ढकलायची ती हवा आणायची कुठून? स्टूल लावून फॉल्स सीलिंगची फळी सरकवली. ताज्या हवेचं तोंड गच्चीवर निघायला हवं. आमच्या ठेकेदाराने डक्ट वाचवून ते पॅसेजच्या छतातच सोडलं होतं. डबीपासून दोन हातांवर. एएचयू, म्हणजे लॅबला हवा गाळून देणारं यंत्र, उघडला. परमँगनेटचे दाणे चिंचोक्यासारखे तपकिरी. बदलायची तारीख कधीच उलटलेली, मागणी अकाउंट्समध्ये अडकलेली. मागणी माझीच; पाठपुरावा मीच केला नव्हता.

त्या रात्री पॅट्रिशिया हंट या अमेरिकन संशोधिकेची गोष्ट आठवली. 1998 मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यांच्या निरोगी उंदरिणींची अंडी अचानक बिघडायला लागली, गुणसूत्रं नीट वाटली जाईनात. कारण सापडलं ते असं, की फरशीच्या साबणाने कुणीतरी पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुतल्या होत्या. त्यांचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक झिजलं आणि त्यातलं बिस्फेनॉल ए हे रसायन सुटलं. पण त्यांनी मग तेच मुद्दाम करून पाहिलं आणि 2003 मध्ये छापलं. मला मुद्दाम काय करून बघता येणार? कुणाचे गर्भ डबीखाली ठेवू?

डब्या काढल्या, दाणे बदलले, तेलाचा नवा लॉट बाजूला ठेवला. सगळं एकाच दिवशी. नुकसान थांबवायचं तर दुसरं काही करता येत नाही, आणि दोष कशाचा हे कधीच कळू नये याचीही सोय त्यातच होते. पुढच्या आठवड्यात आकडे पूर्ववत झाले.

वर्षाला आमच्या डॉक्टर सरांनी सांगितलं, अंड्यांची क्वालिटी. ते मुद्दाम खोटं बोलले असं मी म्हणणार नाही; चौतीसाव्या वर्षी तेही असू शकतं. सहसा पेशंट आमच्यापर्यंत येत नाहीत, पिकअपच्या वेळी नाव विचारणारे मास्कवरचे डोळे एवढीच आमची ओळख. ही मात्र शोधत आली.

"मॅडम, पिकअपच्या कागदावर लिहिलं होतं, सेंट लावू नका, नेलपेंट काढून या. म्हणजे ते वाईटच असतं ना? मी तर दिवसभर त्यातच असते. केराटिन करताना धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं. त्यानेच झालं का?"

काय सांगणार? केराटिनच्या पुष्कळ औषधांतून इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड सुटतं, हे खरं. सुगंध टिकावा म्हणून थॅलेट नावाची रसायनं वापरतात आणि बाटलीवर नुसतं 'परफ्यूम' लिहितात, हेही खरं. बोस्टनमध्ये आयव्हीएफच्या बायकांवर झालेल्या, 2016 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लघवीत थॅलेटचे अंश जास्त असलेल्यांना अंडी कमी मिळाली, बाळंही कमी झाली. पण अभ्यास गटाबद्दल बोलतो, समोर बसलेल्या बाईबद्दल नाही. आणि तिचे गर्भ ते पाच दिवस तिच्या पार्लरच्या हवेत नव्हते. माझ्या हवेत होते.

मी म्हटलं, "तसं नक्की नाही सांगता येत."

हे वाक्य पूर्ण खरं होतं. तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी दुरुस्त केलं नाही.

सहा महिन्यांनी ती परत आली. या वेळी सरांनी इंजेक्शनं बदलली होती, फिल्टर नवा होता, हवेचं तोंड गच्चीवर नेलं होतं. चार ब्लास्टोसिस्ट झाले, त्यातले दोन फार सुंदर. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडायच्या, दिवशी नाव विचारायला गेले तर तिने माझा हात धरला. तिने पार्लर विकलं होतं. खुर्च्या, आरसे, स्टीमर, गिऱ्हाइकांच्या नंबरांसकट. "सोडलं म्हणूनच झालं बघा मॅडम," ती म्हणाली. नऊ वर्षं चालवलेलं, नवऱ्यापेक्षा जास्त कमाई देणारं दुकान.

मी तिचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, डिशवरच्या लेबलाशी ताडून पाहिली.

मग तिनेच विचारलं. ज्या मुलीने पार्लर घेतलं, तिचं लग्न ठरलंय. तिला काय सांगू?

मी म्हटलं, केराटिन करू नको म्हणावं. आणि एक्झॉस्ट बसवून घ्यायला सांगा. त्याचा पाइप कुठे निघतो, ते तिने स्वतः वर चढून बघायचं.