मला कन्नड येतं, असं लिहून दिलं

रात्री साडेनऊला भाचीचा फोन. "आत्या, काय करालीस? जरा काम होतं." तिकडे न्यूजर्सीत दुपारचे बारा वाजलेले. जेवणाच्या सुट्टीत काम सांगणारी माणसं घाईत असतात, म्हणून मी टीव्ही बंद केला.

तिला अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख आली होती. ग्रीन कार्ड, नवे-जुने सगळे पासपोर्ट, टॅक्सचे कागद, असं सगळं तिनं फाईलला लावलंय. गेल्या पाच वर्षांत चोवीस तासांहून जास्त देशाबाहेर काढलेली प्रत्येक फेरी तारखेनिशी लिहायची, आणि त्या पाचांतले निदान तीस महिने तिकडे राहिल्याचं दिसलं पाहिजे. म्हणजे गौरी-गणपतीला आली ती एक फेरी, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी आली ती दुसरी. मोतीबिंदूला ती आठ दिवस राहिली असं मला वाटत होतं. शिक्के बघितले तर सोळा निघाले.

आजवर वापरलेली सगळी नावंही फॉर्मात भरायची असतात. आमच्याकडच्या बाईला हा प्रश्न विचारू नये. माहेरचं आडनाव, बापाचं नाव मधे. लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे, आडनाव सासरचं. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून लग्नाचा दाखला हवा, आणि तो कन्नडमध्ये. त्याचं इंग्रजी करून खाली लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. मग नाव, पत्ता, तारीख, सही. नोटरीसुद्धा लागत नाही म्हणे! इतक्या लांबच्या सरकारनं माझ्या शब्दावर एवढा विश्वास टाकावा? इथे रेशनकार्डातला एक काना सरळ करायला मी तीन अफिडेव्हिटं केली आहेत.

"तुला कन्नड येतंय की," ती म्हणाली.

येतं. बसच्या पाट्या वाचून, भाजीवालीशी घासाघीस करून, नोकरीतल्या सर्क्युलरांवर डोकं आपटून आलेलं. पण 'येतं' असं सहीनिशी कुणाला लिहून देण्याची वेळ कधी आली नव्हती, आणि आमच्या गल्लीत ते कुणी मिरवतही नाही.

दाखला उघडला. वर लिहिलेलं: विवाह नोंदणी प्रमाणपत्र. अक्षरं कन्नड, शब्द हेच. खाली वधू, वर, दिनांक, साक्षी, तालुका, जिल्हा, आणि शेवटी सही. सहीला कन्नडमध्येही सहीच म्हणतात. भाषांतरालासुद्धा भाषांतरच म्हणतात. मराठीत करायचं असतं तर नुसती लिपी बदलून पाच मिनिटांत मोकळी झाले असते. अडलं ते इंग्रजीपाशी.

मग गावाचं नाव. दाखल्यात बेळगावी, तिच्या पासपोर्टात जन्मगाव बेलगाम. "ऑफिसरनं विचारलं तर?" आता त्या ऑफिसरला कुठून सुरुवात करून सांगायचं? माझी आजी शहापुरात जन्मली तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, आणि हाकेच्या अंतरावरचं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ च्या १ नोव्हेंबरला त्याचं कर्नाटक झालं, आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरला इंग्रजीतल्या बेलगामचं बेळगावी झालं. म्हैसूर आणि कर्नाटक ही दोन्ही स्थित्यंतरं आजीनं सोप्यातल्या एकाच पाटावर तांदूळ निवडत पार पाडली. तिची ना मुलाखत झाली, ना शपथ. तिला कुणी विचारलंच नाही. तीच तर तक्रार, आणि ती २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

"दोन्ही एकच गाव, २०१४ ला नाव बदललं, एवढंच सांग," मी म्हटलं. घरात आम्ही म्हणतो ते बेळगाव तिच्या फाईलमधल्या एकाही कागदावर नाही, हे तिला सांगितलं नाही.

शपथ घेतली की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व जातं. पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं कार्ड, काढायचं. त्यावर आम्ही दोघी फार बोललो नाही. तिनं कुंद्याची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात भाषांतर टाइप करून आणलं. पत्त्यात बेळगावी लिहिलं, पिनकोड घातला, आणि पेन टेकवल्यावर लक्षात आलं की माझी सही मराठीत आहे. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, सगळीकडे तीच. रात्री फोन केला.

"खाली सही मराठीत झालीय गं. चालेल काय?"

ती जरा थांबली. "दे पाठवून. विचारलं तर सांगते, आत्याची आहे म्हणून."